पशुधनावरील आकस्मिक संकटे : ओळख आणि प्रथमोपचार

शेतकऱ्याच्या दृष्टीने दुभती म्हैस किंवा औताचा बैल म्हणजे दावणीला बांधलेले भांडवल होय. पीक बुडाले तर पुढील हंगामाची आशा असते. परंतु कर्ज काढून घेतलेली गाय एका रात्रीत दगावली, तर दूध थांबते आणि कर्जाचा हप्ता मात्र तसाच राहतो. भूमिहीन कुटुंबाच्या चार शेळ्यांनाही हाच न्याय लागू पडतो. २०१९ साली झालेल्या विसाव्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ४० लाख गाई-बैल, ५६ लाख म्हशी, १ कोटी ६ लाख शेळ्या आणि २७ लाख मेंढ्या आहेत. यांखेरीज घरोघरी पाळलेली कुत्री व मांजरे आहेतच. एवढ्या मोठ्या पशुधनाच्या आरोग्याची जबाबदारी केवळ पशुवैद्यकावर टाकून चालणार नाही. आजाराची पहिली चाहूल लागते ती गोठ्यात वावरणाऱ्या माणसाला, आणि पहिला तासही त्याच्याच हातात असतो.

जनावरांचे पुष्कळसे आजार हळूहळू वाढतात. परंतु पोटफुगी, विषबाधा, दुग्धज्वर, अडलेले वेत, सर्पदंश किंवा उष्माघात यांसारखी संकटे मात्र काही तासांत, कधी काही मिनिटांतच जीव घेतात. अशा वेळी दोन प्रकारच्या चुका घडतात. पहिली चूक म्हणजे ‘सकाळपर्यंत पाहू’ असे म्हणून वेळ दवडणे. दुसरी म्हणजे घाबरून हाती येईल ते जनावरास पाजणे. प्रथमोपचार म्हणजे पशुवैद्यकाचे काम आपल्या हाती घेणे नव्हे. पशुवैद्यक येईपर्यंत जनावर जिवंत ठेवणे, त्याला अधिक इजा होऊ न देणे आणि घडलेल्या प्रकाराची नेमकी माहिती देणे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

निरोगी जनावर कसे ओळखावे

आजार ओळखावयाचा तर आधी आरोग्य ओळखता आले पाहिजे. निरोगी गाय सावध असते, तिचे कान हलते असतात, नाकपुडीचा भाग ओलसर असतो आणि विश्रांतीच्या वेळी ती रवंथ करते. रवंथ थांबणे ही अनेक आजारांची पहिली खूण होय. गाईच्या शरीराचे तापमान साधारणतः १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. शेळीचे त्याहून किंचित अधिक, तर कुत्र्याचे जवळजवळ गाईइतकेच असते. गाईचा श्वास विश्रांतीच्या स्थितीत मिनिटास १० ते ३०, आणि नाडीचे ठोके सुमारे ५० ते ८० असतात. गाईची नाडी शेपटीच्या बुडाखाली, तर शेळीची व कुत्र्याची मांडीच्या आतील बाजूस बोटांनी लागते.

तापमापक गुदद्वारात दोन मिनिटे ठेवून तापमान पाहता येते. तो आत सरकू नये किंवा पडून फुटू नये म्हणून त्यास दोरा बांधून दोऱ्याचे टोक हाती धरावे. हिरड्या व डोळ्यांच्या आतील पापण्या फिकट गुलाबी असाव्यात. त्या पांढऱ्या पडल्या असल्यास रक्तस्राव किंवा धक्का, निळसर झाल्या असल्यास श्वासाचा अडथळा आणि पिवळ्या झाल्या असल्यास काविळीचा संभव असतो. हिरडी बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली नाही, तर रक्ताभिसरण मंदावले आहे असे समजावे.

पुढील लक्षणांपैकी एकही आढळल्यास सकाळची वाट न पाहता पशुवैद्यकास कळवावे :

१. पोटाची डावी बाजू एकाएकी फुगणे.
२. तोंड उघडे ठेवून किंवा मान लांबवून श्वास घेणे.
३. झटके येणे, थरथर सुटणे, तोल जाणे किंवा उठता न येणे.
४. न थांबणारा रक्तस्राव.
५. जोराच्या कळा सुरू होऊन तासाभरात विण्याची प्रगती न होणे.
६. लघवी करण्यासाठी वारंवार जोर करूनही लघवी न होणे.
७. वर्तनात अकस्मात बदल होणे, आवाज घोगरा होणे, लाळ गळणे.
८. एकाच गोठ्यातील अनेक जनावरे एकाच वेळी आजारी पडणे.

यांतील शेवटचे लक्षण विशेष महत्त्वाचे आहे. एक जनावर पडले तर तो आजार असू शकेल; पाच जनावरे एकदम पडली तर विषबाधेचा किंवा साथीचा संशय घेतलाच पाहिजे.

पोटफुगी

गाय, म्हैस, शेळी व मेंढी या रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटाचा मोठा कप्पा डाव्या बाजूस असतो. तेथे चारा आंबत असतो व त्यातून सतत वायू निर्माण होतो. निरोगी जनावर ढेकरेवाटे तो बाहेर टाकते. हा मार्ग बंद झाला की डावी भकाळी ढोलासारखी फुगते, तिच्यावर टिचकी मारल्यास ढोलासारखाच आवाज येतो, जनावर बेचैन होते, पोटावर लाथा मारते, आणि फुगलेल्या पोटाचा दाब फुप्फुसांवर येऊन त्याचा श्वास कोंडतो.

पोटफुगी दोन प्रकारची असते. पावसाळ्याच्या सुरुवातीस कोवळा हिरवा चारा अथवा ओला लसूणघास किंवा बरसीम भरपूर खाल्ल्यास पोटात फेस तयार होतो व वायू त्या फेसातच अडकून राहतो. दुसऱ्या प्रकारात आंब्याची कोय, बटाटा किंवा उसाचे टिपरे अन्ननलिकेत अडकते आणि ढेकर बाहेर पडण्यास वाट उरत नाही.

अशा जनावरास चढावर, पुढील पाय उंचावर येतील असे उभे करावे. आडवे पडू देऊ नये. तोंडात लगामासारखी आडवी काठी बांधल्यास जनावर ती चघळते, लाळ सुटते व ढेकर येण्यास मदत होते. फेसाळ पोटफुगीत मोठ्या जनावरास पाव ते अर्धा लिटर, शेळी-मेंढीस ५० ते १०० मिलिलिटर गोडेतेल सावकाश पाजल्यास फेस मोडतो. मात्र अन्ननलिकेत काही अडकले असल्यास तेल, पाणी वा औषध यांपैकी काहीही पाजू नये. अडकलेली वस्तू काठीने आत ढकलण्याचा प्रयत्नही करू नये. त्यामुळे अन्ननलिका फाटते. जनावर कोसळण्याच्या बेतात असल्यास पशुवैद्यक डाव्या भकाळीत ट्रोकार नावाचे नळीयुक्त उपकरण खुपसून वायू बाहेर काढतात. चाकूने किंवा सळईने हेच काम घरी करू पाहिल्यास पोटातील घाण उदरपोकळीत सांडते, व पोटफुगीतून वाचलेले जनावर पुढे त्या जखमेने मरते.

औषध पाजण्याविषयी सावधगिरी

बांबूच्या नळीने किंवा बाटलीने औषध पाजण्याची पद्धत खेड्यांत सर्वत्र आहे. परंतु चुकीच्या रीतीने पाजलेले औषध पोटात न जाता श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरते, आणि मूळ आजार बरा होऊनही जनावर फुप्फुसदाहाने दगावते. म्हणून पाजताना जनावराचे तोंड पाठीच्या रेषेहून फार वर उचलू नये, जीभ बाहेर ओढून धरू नये, आणि घोट घेण्यास उसंत देत थोडे थोडे पाजावे. जनावर खोकू लागल्यास ताबडतोब थांबून मान खाली सोडावी. आडव्या पडलेल्या, झटके येणाऱ्या किंवा गिळता न येणाऱ्या जनावरास तोंडावाटे काहीही देऊ नये.

ज्वारीची किराळ

ज्वारी हे महाराष्ट्राचे प्रमुख पीक आहे व तिचा कडबा ही जनावरांची मुख्य वैरण आहे. परंतु हीच ज्वारी कोवळ्या अवस्थेत विषारी असते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ज्वारीच्या कोवळ्या पानांत आणि कापणीनंतर खोडाला फुटणाऱ्या धुमाऱ्यांत असा एक घटक असतो की, जनावराने ती चघळली असता त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल हे जहाल विष तयार होते. पावसाने ओढ दिल्यामुळे पीक सुकले आणि नंतर सरी येऊन त्यास नवे फुटवे आले, तर त्या फुटव्यांत विषाचे प्रमाण विशेष वाढते. नत्रखताची अधिक मात्रा दिलेल्या पिकातही ते अधिक असते. यालाच शेतकरी ‘किराळ लागणे’ असे म्हणतात.

हे विष रक्तातील प्राणवायू शरीरातील पेशींना वापरू देत नाही. रक्तात प्राणवायू असूनही जनावर गुदमरते. त्यामुळे आरंभी हिरड्या व डोळ्यांच्या आतील भाग निळसर न दिसता लालभडक दिसतात. जनावर धापा टाकते, थरथरते, अडखळून खाली पडते, आणि पुष्कळ विष पोटात गेले असल्यास चरत असतानाच काही मिनिटांत मरते. सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट यांची शिरेतून दिलेली इंजेक्शने हा यावरील उपाय असून तो पशुवैद्यकाकडूनच व्हावा लागतो. म्हणून संशय येताच उरलेली जनावरे त्या शेतातून बाहेर काढावीत, पडलेल्या जनावराला धावडवू नये, आणि निरोप देताना ‘किराळ लागली असावी’ असे स्पष्ट सांगावे, म्हणजे योग्य औषध बरोबर येईल.

येथे उपचारापेक्षा प्रतिबंधच खात्रीचा आहे. ज्वारी फुलोऱ्यावर येईपर्यंत हिरवी वैरण म्हणून घालू नये, कापणी झालेल्या शेतातील धुमाऱ्यांत जनावरे सोडू नयेत, आणि उपाशी जनावर ज्वारीच्या शेताजवळ बांधू नये. नीट वाळविलेल्या कडब्यात विषाचे प्रमाण पुष्कळच कमी होते. दुष्काळी वर्षात चाऱ्याची टंचाई असते व नेमक्या त्याच वर्षी किराळीचा धोका वाढतो. म्हणून अशा वर्षी ग्रामसभेत हा विषय आवर्जून निघावयास हवा.

पंगतीचे अन्न, युरिया आणि कीटकनाशके

लग्नसराईत उरलेला भात, पोळ्या, बुंदी व पुऱ्या जनावरांपुढे टाकण्यात येतात. त्यामागील भावना चांगली असली तरी परिणाम घातक होतो. पिष्टमय अन्न एकदम पोटात गेले की ते आंबून आम्ल तयार होते. जनावर सुस्त होते, रवंथ थांबतो, आंबट वासाचे पातळ शेण पडते, डोळे खोल जातात आणि एक-दोन दिवसांत ते आडवे होते. धान्याचे पोते फोडून गहू किंवा ज्वारी खाल्लेल्या जनावराचीही अशीच अवस्था होते. असे घडल्याचे कळताच लक्षणांची वाट पाहू नये. उरलेले अन्न काढून घ्यावे, फक्त कोरडी वैरण पुढे ठेवावी, एकदम भरपूर पाणी पिऊ देऊ नये, आणि पशुवैद्यकास विचारून खाण्याच्या सोड्याची मात्रा द्यावी.

युरिया खत साखरेसारखे पांढरे असल्यामुळे ते पाण्यात विरघळले असले तरी ओळखू येत नाही. खताचे रिकामे पोते धुतलेले पाणी किंवा ठिबक संचासाठी कालविलेले खत जनावराने प्यायल्यास अर्ध्या-पाऊण तासात थरथर, लाळ, पोटफुगी व धाप ही लक्षणे दिसतात. थंड पाणी व त्यात मिसळलेला शिरका हा यावरील तातडीचा उपाय आहे. मोठ्या जनावरास तो काही लिटर प्रमाणात लागतो व पशुवैद्यक तो नळीने पोटात सोडतात.

कापसाच्या व भाजीपाल्याच्या पट्ट्यात कीटकनाशकांची विषबाधा वारंवार आढळते. फवारलेल्या बांधावरील गवत, औषधाच्या डब्यातून पाजलेले पाणी आणि गोचिडांसाठी अंगावर चोळलेले जादा तीव्रतेचे औषध ही तिची नेहमीची कारणे होत. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, हगवण, बाहुल्या बारीक होणे व स्नायू उडणे ही लक्षणे दिसतात. औषध अंगावर पडले असल्यास साबण व भरपूर पाण्याने अंग धुवावे. धुणाऱ्याने हातमोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या हातांत घालाव्यात. औषधाची बाटली वा वेष्टन जपून ठेवून पशुवैद्यकास दाखवावे. औषधाचे नाव कळल्याशिवाय उतारा निश्चित करता येत नाही.

विताना व व्याल्यानंतर

प्रसूती ही नैसर्गिक क्रिया असल्यामुळे बहुतेक गाई-म्हशी मदतीशिवाय वितात. पाण्याची पिशवी दिसल्यानंतर वासराचे पुढचे दोन पाय व त्यांवर टेकलेले नाक अशा क्रमाने वासरू बाहेर येते. जोराच्या कळा येऊनही तासाभरात पुढील प्रगती झाली नाही, एकच पाय दिसला, किंवा शेपूट प्रथम दिसली, तर गाय अडली आहे असे समजावे. अशा वेळी चार-पाच माणसांनी दोरखंड बांधून ओढण्याची प्रथा अत्यंत घातक आहे. वासराची स्थिती सरळ केल्याशिवाय ओढल्यास गर्भाशय फाटते, आणि गाय व वासरू दोन्हीही हातची जातात.

वार साधारणतः १२ तासांत पडते. न पडल्यास ती ओढू नये व तिला दगड किंवा वीट बांधू नये. मायांग बाहेर आल्यास ते स्वच्छ, ओल्या कापडात झाकून ठेवावे, जनावराचा मागचा भाग उंचावर राहील अशी जागा करावी, आणि कुत्री व कावळे यांपासून राखण करावी. कावळ्यांनी टोचलेले अंग पुन्हा आत बसविणे अतिशय कठीण होते.

व्याल्यानंतर पहिल्या तीन दिवसांत होणारा दुग्धज्वर हा अधिक दूध देणाऱ्या संकरित गाई व म्हशींचा आजार आहे. नावात ‘ज्वर’ असला तरी यात ताप नसतो, उलट अंग थंड पडते. विताच कासेत चीक व दूध तयार होऊ लागते व त्यासाठी रक्तातील कॅल्शियम वेगाने खेचले जाते. हाडांतून त्याची भरपाई होण्यास वेळ लागतो. तेवढ्या अवधीत स्नायूंची शक्ती जाते. प्रथम गाय लडखडते व थरथरते. नंतर खाली बसते, मान वळवून डोके बरगड्यांवर टेकते, कान गार लागतात, रवंथ व शेण थांबते. शेवटी ती कुशीवर आडवी होते व बेशुद्ध पडते. वेळीच शिरेतून कॅल्शियम मिळाल्यास अशी गाय पुष्कळदा तास-दोन तासांत उठून उभी राहते, आणि उपचार न मिळाल्यास दिवसभरात दगावते. म्हणूनच व्याल्यानंतर बसलेल्या गाईला ‘थकली असेल’ असे समजून पडू देणे धोक्याचे आहे.

पशुवैद्यक येईपर्यंत गाईला कुशीवर पडू न देता दोन्ही बाजूंस भुश्शाची पोती लावून छातीवर बसती ठेवावी. खाली मऊ अंथरूण घालावे व दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी. तिला गिळता येत नसल्यामुळे गूळपाणी किंवा औषध पाजू नये. कॅल्शियमची सलाइन स्वतः किंवा अप्रशिक्षित माणसाकरवी देऊ नये. ती वेगाने शिरेत गेल्यास हृदय बंद पडते.

सर्पदंश, उष्णता व वीज

पावसाळ्यात चरताना जनावराच्या तोंडावर किंवा पायावर सर्पदंश होतो. घोणस व फुरसे यांच्या दंशाने भराभर सूज चढते व रक्तस्राव होतो. नाग व मण्यार यांच्या दंशाने लाळ गळते, अंग लुळे पडते व श्वास थांबतो. दंशाची जागा कापणे, चोखणे, डाग देणे किंवा दोरीने आवळणे यांचा काहीही उपयोग होत नाही. इजा मात्र होते. जनावराला न चालविता शांत ठेवावे व त्वरित दवाखान्यात कळवावे. माणसांसाठी वापरली जाणारी सर्पविषप्रतिबंधक लसच जनावरांनाही देता येते. तोंडावर सूज असल्यास दावे व म्होरकी ताबडतोब सैल करावी, अन्यथा सुजेबरोबर तीच फास होते.

विदर्भ व मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत उष्माघाताचे प्रमाण वाढते. काळी कातडी व कमी घर्मग्रंथी यांमुळे म्हशीला उन्हाचा त्रास गाईपेक्षा अधिक होतो. तापमान १०६ अंशांवर गेले, जीभ बाहेर आली व जनावर धापा टाकू लागले, तर त्याला सावलीत घेऊन सर्व अंगावर साधे पाणी सतत ओतावे व वारा घालावा. शुद्धीवर असल्यास पाणी पुढे ठेवावे. बळेने पाजू नये.

विजेच्या तारेला चिकटलेले जनावर पाहून माणूस धावतो व स्वतःही बळी पडतो. प्रथम प्रवाह बंद करावा, मगच जनावराजवळ जावे. ओल्या जमिनीतही प्रवाह उतरलेला असतो, याचा विसर पडू देऊ नये. आकाशातील वीज, पूर किंवा तारेचा धक्का यांनी जनावर दगावल्यास ते पुरण्यापूर्वी पंचनामा व शवविच्छेदन होणे आवश्यक असते. या दोन कागदांअभावी शासकीय मदतीचे किंवा विम्याचे प्रकरण अडून राहते.

कुत्रा आणि मांजर

पाळीव कुत्र्या-मांजरांची संकटे बहुधा घरातच जन्मतात. माणसाची वेदनाशामक गोळी आपल्याच विचाराने त्यांना देणे हे त्यांपैकी एक होय. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. चॉकलेट, कांदा व द्राक्षे कुत्र्याला अपायकारक आहेत. उंदीर मारण्याच्या काही औषधांमुळे रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते व लक्षणे तीन ते पाच दिवसांनी दिसतात. त्यामुळे कुत्र्याने ते खाल्ल्याचे कळताच, तो धडधाकट दिसत असला तरी दवाखान्यात न्यावे. मीठ पाजून ओकारी करविण्याचा उपाय करू नये. त्यानेच नवी विषबाधा होते.

मोठ्या बांध्याच्या कुत्र्याचे पोट फुगले व तो ओकण्याचा प्रयत्न करूनही काही पडत नसेल, तर त्याच्या जठरास पीळ पडलेला असू शकतो व त्यास काही तासांत शस्त्रक्रियेची गरज असते. बोका वारंवार लघवीस बसूनही थेंब पडत नसेल तर मूत्रमार्ग बंद झाला असून एक-दोन दिवसांत प्राणावर बेतते. बंद मोटारीत कुत्रा ठेवू नये. बसक्या नाकाच्या जातींना उष्माघात फार लवकर होतो. अपघातात सापडलेल्या कुत्र्याला फळीवर किंवा ताणलेल्या चादरीवर उचलावे, आणि श्वासाचा त्रास किंवा ओकारी होत नसल्यास त्याच्या तोंडास कापडी पट्टी बांधावी. वेदनेने कळवळणारा प्राणी धन्यालाही चावतो. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापडाची घडी सतत पाच ते दहा मिनिटे दाबून धरावी. मध्येच उचलून पाहू नये.

जेथे माणसालाही धोका असतो

दोन प्रसंगी जनावराच्या जवळ जाण्यापूर्वी विचार केला पाहिजे. पहिला पिसाळण्याचा, म्हणजे रेबीजचा. कुत्रा चावल्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी गाय लाळ गाळू लागते, घोगऱ्या आवाजात हंबरते, गिळू शकत नाही. घशात काही अडकले असावे असे समजून घरचा माणूस तिच्या तोंडात हात घालतो आणि लाळेचा संसर्ग स्वतःवर ओढवून घेतो. म्हणून कारण निश्चित झाल्याशिवाय लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालू नये व त्याचे दूध वापरू नये. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर उपाय उरत नाही; परंतु चाव्यानंतर लगेच उपाय केल्यास तो टळतो. माणूस असो वा जनावर, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, तीवर हळद, चुना किंवा मिरची लावू नये आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. लसीच्या सर्व मात्रा ठरलेल्या दिवशी पूर्ण केल्या पाहिजेत. कुत्र्यामार्फत माणसाला होणाऱ्या रेबीजचे २०३० सालापर्यंत उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट देशाने ठरविले आहे. ते गावातील कुत्र्यांच्या लसीकरणावाचून साध्य होणार नाही.

दुसरा प्रसंग काळपुळीचा, म्हणजेच फाशीचा. धडधाकट जनावर एकाएकी मरून पडले व नाक, तोंड किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळपट रक्त वाहत असेल, तर ते जनावर फाडू नये, त्याचे कातडे सोलू नये व मांस वापरू नये. या रोगाचे जंतू हवेच्या संपर्काने कवचधारी होतात व मातीत अनेक वर्षे टिकतात. अशा जनावराचे शवविच्छेदनही करीत नाहीत. पशुवैद्यक केवळ रक्ताचा नमुना घेतात. शव खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे.

निरोप कसा द्यावा

गुरांसाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक असून, फिरती पशुवैद्यकीय पथके असलेल्या भागात त्यावरून पथक बोलावता येते. निरोप देताना जनावराचा प्रकार व वय, ते गाभण आहे की व्यालेले, लक्षणे केव्हा सुरू झाली, शेवटी काय खाल्ले, कोणते औषध दिले, इतर जनावरांची स्थिती काय आणि गोठ्यापर्यंत वाहन येते किंवा नाही, एवढी माहिती द्यावी. ‘जनावर बरे नाही’ या निरोपावरून पशुवैद्यकास कोणते औषध बरोबर न्यावे हे ठरविता येत नाही. ‘काल व्यालेली संकरित गाय सकाळपासून उठत नाही’ एवढ्या एका वाक्यावरून ते ठरते.

ग्रामपंचायत आणि शाळा

प्राण्यांमधील सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधासाठी २००९ साली केंद्रीय अधिनियम करण्यात आला. त्यानुसार अनुसूचित रोगाची शंका येताच ती कळविणे ही जनावराच्या मालकाची जबाबदारी ठरते, आणि ग्रामपंचायतीलाही त्यात कर्तव्य नेमून देण्यात आले आहे. २०२२ साली राज्यात लम्पी चर्मरोगाची साथ पसरली, तेव्हा आजारी जनावर वेगळे बांधणे व वेळीच खबर देणे यांचे महत्त्व गावोगाव प्रत्ययास आले.

ग्रामपंचायतीने करावयाच्या गोष्टी खर्चिक नाहीत. पशुवैद्यकीय दवाखान्याचा व १९६२ हा क्रमांक चावडीवर व दूध संकलन केंद्रावर ठळक अक्षरांत रंगवावा. घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी टोचून घेण्यासाठी दवंडी द्यावी. मृत जनावरे पुरण्यासाठी वस्ती व पाणवठ्यापासून दूर जागा राखावी. तापमापक, स्वच्छ कापड, दोरी, साबण व हातमोजे यांची एक पेटी गावात सर्वांना माहीत असलेल्या ठिकाणी ठेवावी.

शिक्षकांचे कार्य याहून दूरगामी आहे. खेड्यातील मुले शाळेपूर्वी व शाळेनंतर गुरे राखतात. जनावर चरता चरता पडते तेव्हा पुष्कळदा तेथे तीच असतात. रवंथ पाहणे, श्वास मोजणे व डावी भकाळी ओळखणे हे विज्ञानाच्या तासाला शिकविता येईल. ज्वारीच्या धुमाऱ्यांत गुरे सोडू नयेत आणि चावलेली जखम साबणाने धुवावी, या दोन गोष्टी मुलांच्या मनावर ठसल्या, तर त्या आपोआप घराघरांत पोहोचतील.

मुंबईत परळ येथे १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथेही आज अशी महाविद्यालये असून, २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी ती संलग्न आहेत. लसी, औषधे व तज्ज्ञ यांची जोड राज्यास लाभली आहे. परंतु मध्यरात्री गोठ्यात गाय कोसळते, त्या क्षणी यांपैकी काहीही तेथे हजर नसते. तेथे असतो तो कंदील किंवा विजेरी घेऊन उभा असलेला घरातील माणूस. काय करावे, आणि त्याहूनही काय करू नये, हे त्याला आधीच ठाऊक असले, तर पशुवैद्यक गोठ्यात पोहोचतील तेव्हा त्यांच्या उपचारास वाव उरलेला असेल.